जांभळ्याचं पिवळं झालं, सहा रॅट जगले, मग काढा रोज घेऊ का?

गेल्या आठवड्यात मावशीने घरच्या ग्रुपवर पेपरातलं एक कात्रण टाकलं. कुठल्याशा औषधी वेलीवर संशोधन झालंय, तिच्यात "भरपूर अँटिऑक्सिडंट" सापडलेत आणि ती "पूर्णपणे सुरक्षित" ठरलीय, असं काहीतरी. खाली माझ्यासाठी प्रश्न, "तू हेच शिकलीस ना गं? मग मी रोज घेऊ का?"

हो, हेच शिकले. एम.फार्म.ची दोन वर्षं मी असल्याच कामात घालवलीत, पाला वाळवायचा, कुटायचा, अर्क काढायचा, रंग बदलतोय का बघायचं. त्यामुळे अशी बातमी वाचली की लॅबमध्ये प्रत्यक्षात काय झालं असणार ते मला साधारण दिसतं, आणि बातमीत छापलेलं वाक्य त्यापेक्षा केवढं तरी मोठं असतं. मावशीला व्हॉइस नोट पाठवली ती अकरा मिनिटांची झाली, तिने ती ऐकली नाही, म्हणून लिहूनच काढते.

आधी, वनस्पती तीच आहे ना?

हा भाग कंटाळवाणा आहे पण सगळा खेळ इथूनच बिघडतो. एकाच मराठी नावाच्या दोन-तीन वनस्पती असतात आणि एकाच वनस्पतीची चार गावात चार नावं. म्हणून अभ्यास सुरू करायच्या आधी फुलापानांसकट एक फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून तज्ज्ञांकडे न्यायची असते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, तिथे किंवा आघारकर संशोधन संस्थेत लोक हे ओळखपत्र करून घेतात. नंबर मिळतो, तो शोधनिबंधात, म्हणजे आमच्या भाषेत पेपरमध्ये, छापायचा. ज्या पेपरात हा नंबर नाही तो मी सहसा पुढे वाचतच नाही.

मग अर्क. वाळलेली पावडर घेऊन ती बहुतेक वेळा मेथॅनॉलमध्ये भिजवतात किंवा उकळत ठेवतात, कारण मेथॅनॉल पाण्यात न उतरणाऱ्या पुष्कळ गोष्टी खेचून काढतो. नंतर मेथॅनॉल उडवून लावायचा. माझ्या १०० ग्रॅम पावडरमधून आठेक ग्रॅमचा काळपट हिरवा चिकट गोळा हाती आला होता, डिंकासारखा, चमच्याला चिकटला की सुटायचाच नाही. पुढच्या सगळ्या टेस्ट त्या गोळ्यावर. आणि मावशी घेणार पाण्यात उकळलेला काढा! मेथॅनॉलच्या अर्कात जे आलं ते काढ्यात येईलच असं नाही, आणि उलटही. पान, खोड, मूळ यातही फरक असतो. म्हणजे "ही वनस्पती सुरक्षित" असं वाक्य मुळात होतच नाही, होतं ते "या वनस्पतीच्या अमुक भागाचा अमुक द्रवात काढलेला अर्क" एवढंच.

चपलांची गोष्ट

आता अँटिऑक्सिडंट. शरीरात ऑक्सिजन वापरला जाताना काही रेणू असे तयार होतात की त्यांच्याकडचा एक इलेक्ट्रॉन जोडीविना सुटा राहतो. यांना फ्री रॅडिकल म्हणतात. देवळाबाहेर आलेल्या माणसाची एक चप्पल गायब झालीय असं समजा. तो काय करतो, शेजारच्याची एक उचलून घालतो आणि सटकतो. मग तो शेजारचा बाहेर येतो, तो तिसऱ्याची उचलतो, असं करत करत निम्म्या गर्दीच्या चपलांचा घोळ होतो. पेशींच्या आवरणातल्या चरबीत अगदी अशीच साखळी चालते आणि त्यात पेशीचं नुकसान होतं. अँटिऑक्सिडंट म्हणजे असा माणूस की जो स्वतःची एक चप्पल देऊन टाकतो आणि अनवाणी पायाने शांतपणे घरी जातो, दुसऱ्या कोणाची उचलत नाही. साखळी तिथे तुटते.

एवढं ऐकलं की वाटतं फ्री रॅडिकल म्हणजे व्हिलन, संपवा सगळे. पण तसं नाहीये. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच रेणू मुद्दाम तयार करतात. व्यायाम केल्यावर स्नायूंना जो "सुधारा आता" असा निरोप मिळतो त्यातही यांचा हात असतो. २००९ साली एक अभ्यास आला होता, त्यात व्यायामासोबत व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्या घेणाऱ्यांना इन्सुलिनच्या बाबतीतला व्यायामाचा फायदा मिळालाच नाही, नुसता व्यायाम करणाऱ्यांना मिळाला.

जांभळ्याचं पिवळं

लॅबमध्ये सगळ्यात जास्त होणारी टेस्ट म्हणजे डीपीपीएच. लांबलचक रासायनिक नाव आहे, सोडून द्या. हा एक तयार फ्री रॅडिकल, बाटलीत मिळतो, आणि मेथॅनॉलमध्ये टाकला की मस्त गडद जांभळा दिसतो, जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा. त्यात अर्क घालायचा. अर्काने इलेक्ट्रॉन दिला की जांभळा उतरतो आणि फिकट पिवळा होतो. अर्धा तास अंधारात ठेवायचं, मग यंत्रात ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं की जांभळा किती उरला. ही पद्धत १९५८ पासून आहे, स्वस्त आहे, एका दुपारात होते, म्हणूनच एवढी लोकप्रिय.

अंधार महत्त्वाचा, कारण उजेडात तो रंग आपोआपही उतरतो. पहिल्या वेळी मी टेस्ट ट्यूबना फॉइल गुंडाळायची विसरले आणि खिडकीजवळच्या स्टँडला ठेवून चहाला गेले, परत येऊन बघते तर माझा अर्क एकदम सुपरस्टार! मॅडमनी शांतपणे शेजारची ट्यूब दाखवली जिच्यात अर्क घातलेलाच नव्हता, तीही फिकट झाली होती. आणखी एक भानगड म्हणजे अर्काचा स्वतःचा हिरवा-तपकिरी रंग, तो वेगळा मोजून वजा नाही केला तर आकडे चुकतात.

निकाल एका आकड्यात देतात, त्याला आयसी५० म्हणतात, म्हणजे निम्मे रॅडिकल शांत करायला किती अर्क लागला. इथे आकडा जितका लहान तितका अर्क तगडा. बातम्यांमध्ये हे उलटं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. शेजारी तुलनेला व्हिटॅमिन सी ठेवतात, आणि बहुतेक वेळा व्हिटॅमिन सी च जिंकतं, पण ते हेडलाइनमध्ये कोण लिहिणार.

आणि खरं सांगू का, या टेस्टमध्ये पास होणं फार अवघड नाही. जवळजवळ कुठलाही पाला, साल, चहा, कॉफी, रंगीत फळ, सगळ्यात फिनॉल गटाची रसायनं असतात आणि ती हे काम करतात. मेंदीचा पाला करेल, आंब्याची साल करेल. वनस्पतीत अँटिऑक्सिडंट सापडले ही बातमी म्हणजे समुद्रात मीठ सापडलं.

ट्यूबमध्ये झालं ते पोटात होतं का?

ट्यूबमध्ये अर्क आणि रॅडिकल समोरासमोर असतात, मध्ये कोणी नाही. पोटात गेल्यावर आतडं आहे, आतड्यातले जंतू आहेत, लिव्हर आहे, आणि हे सगळे मिळून त्या फिनॉलची मोडतोड करतात. रक्तात पोचतं ते फार थोडं आणि तेही रूप बदललेलं. शिवाय रक्त काही रिकामं बसलेलं नसतं, तिथे शरीराची स्वतःची व्यवस्था आधीच आहे. गंमत म्हणजे रक्तातल्या मोठ्या अँटिऑक्सिडंटपैकी एक यूरिक ॲसिड आहे, तेच ते, ज्याने पायाचा अंगठा सुजतो. ते वाढवा असं कोणी फॉरवर्ड करत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याने पूर्वी खाद्यपदार्थांची अशी अँटिऑक्सिडंट गुणांची यादीच वेबसाइटवर ठेवली होती. कंपन्यांनी ते आकडे डब्यांवर छापायला सुरुवात केली. शेवटी २०१२ मध्ये खात्याने ती यादी काढून टाकली, कारण ट्यूबमधल्या आकड्याचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नव्हता.

आणि मोठ्या प्रमाणात दिलं तर? फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, काहींना बीटा-कॅरोटीन दिलं, गाजरातलं अँटिऑक्सिडंट, अपेक्षा अशी की फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल. १९९४ ला निकाल आला, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त! अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग चालू होता, तो १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. गाजर खायला काहीच हरकत नाही, पण गाजरातली एक गोष्ट काढून तिची रोज मोठी गोळी घेणं हे वेगळंच प्रकरण आहे.

"पूर्णपणे सुरक्षित" म्हणजे सहा रॅट

आता बातमीतला दुसरा शब्द. अशा पेपरमध्ये "सुरक्षित" म्हटलं की मी पहिल्यांदा बघते कुठली टेस्ट केली. बहुतेक वेळा उत्तर असतं ओईसीडी ४२३. ही एक आंतरराष्ट्रीय कार्यपद्धती आहे, एकाच डोसने प्राणी मरतो का हे बघायची. तीन रॅट घ्यायचे, साधारण माद्या घेतात कारण त्या थोड्या जास्त संवेदनशील असतात, उपाशी ठेवून नळीने थेट पोटात अर्क सोडायचा. पहिला अर्धा तास डोळ्यात तेल घालून बघायचं, मग चार तास, मग दिवसभर, मग १४ दिवस. अंगावरचे केस उभे राहतात का, सुस्त पडलाय का, खातोय का, वजन किती. वजनाला दर किलोमागे २००० मिलिग्रॅम देऊनही तिघी जगल्या तर आणखी तिघींवर तेच करायचं. त्याही जगल्या की संपलं. पेपरमध्ये ओळ येते, "२००० मिलिग्रॅमपर्यंत कोणतीही विषबाधा आढळली नाही", आणि पेपरातून पेपरात, म्हणजे जर्नलमधून वर्तमानपत्रात जाईपर्यंत त्याचं "पूर्णपणे सुरक्षित" होतं.

सहा रॅट. एक डोस. चौदा दिवस.

प्राणी कमी मारावे लागावेत म्हणूनच ही पद्धत बनवली, जुन्या पद्धतीत खूप जास्त प्राणी लागायचे आणि ती २००२ मध्ये रद्दच केली, हे चांगलंच झालं. पण या टेस्टचा प्रश्न फक्त "लगेच मरतो का" एवढाच आहे. आपलं साधं मीठ घ्या, निम्मे रॅट मरायला किलोमागे साधारण ३००० मिलिग्रॅम लागतं. म्हणजे २००० च्या या परीक्षेत मीठ बहुतेक पास होईल, म्हणून बीपीच्या पेशंटला मूठभर मीठ खा असं म्हणणार का आपण?

दुसरं, रॅट म्हणजे माणूस नव्हे. पॅरासिटामॉल रॅट बऱ्यापैकी पचवतो, त्याच्या बाबतीत हा जीवघेणा आकडा २००० च्या आसपास आहे, माणसाच्या लिव्हरला मात्र एकदम किलोमागे १५० च्या वर गेलं की धोका सुरू होतो. रॅटचा डोस माणसाला लावायचा तर नुसतं वजनाने गुणत नाहीत, साधारण ६.२ ने भागतात कारण लहान प्राण्याचं शरीर औषध जास्त वेगाने वापरतं. २००० भागिले ६.२ म्हणजे किलोमागे ३२३ मिलिग्रॅमच्या आसपास, ६० किलोच्या माणसाला १९ ग्रॅम अर्क. माझ्या त्या चिकट गोळ्याच्या हिशोबाने पाव किलोच्या जवळपास वाळली पावडर. एवढं एका दिवसात कोणी खाणार नाही, त्यामुळे एका दिवसाच्या प्रश्नावर ही टेस्ट ठीकच म्हणायची. पण मावशीचा प्रश्न "रोज घेऊ का" हा होता.

रोजसाठी वेगळी टेस्ट असते

आहे की, २८ दिवसांची आणि ९० दिवसांची. २८ दिवसांवालीत प्रत्येक गटात पाच नर पाच माद्या, तीन डोस आणि एक बिनऔषधाचा गट, म्हणजे किमान ४० प्राणी. रोज डोस, शेवटी रक्त तपासतात, लिव्हरसाठी एसजीपीटी-एसजीओटी, किडनीसाठी क्रिएटिनिन, अगदी आपल्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये असतं तसंच. मग अवयवांचं वजन करतात आणि पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली बघतात. याला महिने लागतात, पैसा लागतो, प्राण्यांसाठीच्या समितीची परवानगी लागते (ती सहाजणींसाठीही लागते म्हणा), म्हणून कॉलेजातले बरेच अभ्यास सहा रॅटवरच थांबतात. विद्यार्थ्याची दोन वर्षं संपतात हो, त्यात त्याचा दोष नाही.

९० दिवसांची टेस्ट पास झाली तरी गरोदरपण, कॅन्सर, दुसऱ्या औषधांशी होणारी भांडणं, हे सगळं वेगळं तपासावं लागतं. आणि वनस्पतीच्या बाहेरूनही विष येतं, मातीतलं शिसं, साठवणीतली बुरशी. भारतात आयुर्वेदिक औषधासाठी मर्यादा ठरलेल्या आहेत, शिसं १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग. लॅबमधला अर्क स्वच्छ निघाला म्हणून बाजारातली पुडी स्वच्छ असेलच असं नाही.

गुळवेलीचं काय झालं ते बघा

कोरोनात घराघरात गुळवेल उकळली. गुळवेलीवर अँटिऑक्सिडंटचे पेपर ढिगाने आहेत, रॅटवरचे अभ्यास आहेत, सगळे छान छान. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा पेशंटची माहिती छापली, २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत आलेले, गुळवेल घेत होते आणि लिव्हरला सूज. आयुष मंत्रालयाने लगेच आक्षेप घेतला, की ती नक्की गुळवेलच होती हे कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. आक्षेप अगदीच फालतू नव्हता, मी वर ओळखपत्राचं म्हटलं ते यासाठीच. मग २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ पेशंटची माहिती छापली. त्यात बऱ्याच जणांमध्ये ऑटोइम्युन आजाराची, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने स्वतःच्या लिव्हरवर हल्ला करण्याची चिन्हं होती. "इम्युनिटी वाढवते" म्हणून घेतलेली गोष्ट आणि हल्ला इम्युनिटीनेच केला, हे वाचून मी जरा वेळ गप्प बसले होते.

कोट्यवधी लोकांनी घेतली, बहुतेकांना काही झालं नाही, हे खरं. आणि रॅटमध्ये हे का दिसलं नाही याचं कारणही तेच. लॅबचे रॅट तरुण, निरोगी, एकाच घराण्यातले, थायरॉइड नाही की डायबेटिस नाही. काही माणसांच्या प्रकृतीतच जी ठिणगी आधीपासून आहे ती त्यांच्यात नसते. साधा हिशोब सांगते, दहा हजारात एकाला होणारी रिॲक्शन एकदा तरी दिसेल अशी ९५ टक्के खात्री हवी तर ३०,००० लोक तपासावे लागतात. सहा रॅटमध्ये कुठून दिसणार!

"पण आजीच्या आजीपासून घेतात की!"

हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाने एक गोष्ट नक्की कळते, जे खाल्ल्यावर त्याच दिवशी उलटी होते, चक्कर येते, माणूस दगावतो, ते लोकांनी बरोबर ओळखून बाजूला काढलंय. सहा रॅटपेक्षा तो अनुभव मोठाच म्हणायचा. पण जे हळू होतं ते अनुभवाला दिसत नाही. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकिया गेली. शंभरावर बायकांच्या किडन्या खराब झाल्या आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर. या कुळातल्या वनस्पती जगभर शतकानुशतकं औषधात होत्या, आपल्याकडची ईश्वरी त्यातलीच. आज घेतलं आणि वर्षांनी किडनी गेली, हा धागा कुठल्या आजीला जोडता येणार?

शिवाय आजीने घेतली ती तापात, चार दिवस, वैद्याने नाडी बघून दिली म्हणून. धडधाकट माणसाने सहा महिने रोज घनवटी, म्हणजे आटवलेल्या काढ्याची गोळी, गिळायची ही परंपरा कुठली? ती तर आत्ताची आहे.

"मग ॲलोपॅथीला साइड इफेक्ट नाहीत का?"

आहेत, भरपूर आहेत, आणि पाकिटातल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात छापलेले आहेत. फरक एवढाच. वनस्पतीला कमी लेखायचा तर प्रश्नच नाही. सर्पगंधा बघा, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ब्लडप्रेशरच्या पेशंटवर तिचा अभ्यास छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. मग अनेक वर्षं वापरल्यावर कळलं की काहींना त्याने डिप्रेशन येतं, डोस कमी केले, पुढे दुसरी औषधं आली. त्या सगळ्या गोष्टीत सर्पगंधेत अँटिऑक्सिडंट किती हा प्रश्न कोणाला पडलाच नाही, बीपी उतरतं का आणि माणसाला काय होतं हे माणसात बघितलं.

मावशीला काय सांगितलं

मावशीला थायरॉइड आहे, डायबेटिसची गोळी चालू आहे, आणि गुळवेलीसारख्या काही वनस्पतींनी साखर उतरते असं प्राण्यांवरच्या अभ्यासात दिसलंय, म्हणजे गोळीवर काढा घेतला तर साखर नको तेवढी खाली जायची भीती. तर मी तिला म्हटलं रोज नको घेऊस. त्यावर ती म्हणाली, "अगं पण मी घेतेच आहे, दिवाळीपासून."

गेल्या महिन्यात ती डॉक्टरकडे गेली होती. "औषधं काय काय चालू आहेत" असं त्यांनी विचारलं होतं का, विचारलं मी. हो म्हणाली, विचारलं ना, दोन्ही गोळ्यांची नावं सांगितली. आणि काढा?

"काढा काय सांगायचा त्यात, ते काय औषध आहे का?"

सोमवारी मी तिच्यासोबत जाणार आहे, ती पुडी पिशवीत घालून. एसजीपीटी पण करून घेऊ म्हणते.